लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. त्यांनी लोखंडी नांगराचे उत्पादन करून दख्खनच्या शेतीत यंत्राला स्थान मिळवून दिले. औंध संस्थानातील कुंडलच्या माळरानावर त्यांनी उभारलेली किर्लोस्करवाडी ही भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक, पंप आणि यंत्रोपयोगी हत्यारे असा त्यांच्या कारखान्याचा विस्तार होत गेला. त्यांच्या हयातीतच पुढच्या पिढीने डिझेल इंजिने आणि विजेच्या मोटारी यांचे उत्पादन सुरू केले.

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे, तर संस्थानची राजधानी औंध हे गाव सातारा जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांच्या उमेदीच्या काळात ही विभागणी नव्हती. औंध संस्थानचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता आणि कुंडल हा त्यांपैकी एक तुकडा होता. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. यामुळे लक्ष्मणरावांच्या कार्याचा उल्लेख दोन्ही जिल्ह्यांच्या इतिहासात येतो.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत यांचा ओढा वेदान्ताकडे होता. मुलाचे मन मात्र पाठ्यपुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे उलगडून पाहणे या दोन गोष्टींचा त्याला नाद होता. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी भावाचा कल ओळखला व त्याच्या शिक्षणासाठी आर्थिक साहाय्य केले. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे सुमारे दोन वर्षांनी त्यांना काही अंशी रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. चित्रकाराला ही उणीव परवडणारी नव्हती, त्यामुळे त्यांनी चित्रकला सोडली आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. या शाखेत रंगांपेक्षा रेषेला व मापाला महत्त्व असते. त्यांच्या पुढील कामाचा पाया याच वळणाने घातला गेला, असे म्हणता येईल. अभ्यास संपवून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा ४५ रुपये पगारावर साहाय्यक शिक्षक झाले. आरेखन शिकवीत असतानाच त्यांनी संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रांच्या जोडणीचे आणि दुरुस्तीचे ज्ञान स्वतःच्या हातांनी मिळवले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे अखेरपर्यंत नव्हती.

सायकलीचे दुकान

मुंबईत सायकल ही त्या काळी नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि तेथे शिक्षक असलेले रामूअण्णा त्या विकत. ग्राहकाला सायकल चालवायला शिकवण्याची वेगळी फी घेतली जाई. या दुकानावरील पाटीतून किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव रूढ झाले. उद्योगसमूह आपली स्थापना १८८८ या वर्षापासून मोजतो.

१८९७ च्या सुमारास मुंबईतील संस्थेत वरच्या पदावर नेमणूक करताना लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची निवड झाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. आजही बेळगावातील एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव आहे.

लोखंडी नांगर

बेळगावच्या छोट्या कार्यशाळेत सायकल-दुरुस्तीच्या जोडीला लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांनी नांगर हाती घेतला. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ही तणे खोलवर मुळे धरतात. लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो. तणाची मुळे उलथून वर आणत नाही. इंग्लंडमधील रॅन्सम्स कंपनीचे लोखंडी नांगर या कामासाठी येत असत, पण ते महाग होते आणि मोडतोड झाल्यास सुटा भाग मिळणे अवघड असे. लक्ष्मणरावांनी या नांगराचा अभ्यास केला आणि १९०३ मध्ये स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला.

ग्राहक मात्र मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते आणि पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांमध्ये समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात लक्ष्मणराव बाजारांत आणि प्रदर्शनांत नांगर घेऊन हिंडत, प्रत्यक्ष शेतात औत चालवून दाखवीत आणि शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेत.

शेतकऱ्यांची तक्रार केवळ श्रद्धेपोटी होती, असेही नव्हते. सुरुवातीच्या नांगरांचे फाळ विलायती फाळांइतके टणक नव्हते व ते लवकर बोथट होत. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग झिजू नये इतका कठीण हवा, पण दगडावर आपटताच तुकडा उडेल इतका तो ठिसूळ असून चालत नाही. ही तडजोड ओतकामाच्या साच्यात साधावी लागते. वितळलेला रस ज्या जागी थंड धातूला टेकतो तेथे तो झटकन गोठतो आणि कठीण होतो. वाळूच्या साच्यात सावकाश गोठलेला भाग त्या मानाने मऊ राहतो. फाळाच्या टोकाला कठीणपणा आणि मागच्या अंगाला चिवटपणा आणण्याची ही रीत जगभरच्या नांगर-कारखान्यांत वापरात होती. ती बेळगावसारख्या ठिकाणी, हाताशी असलेल्या भट्टीत आणि स्वतः शिकवून तयार केलेल्या ओतारींच्या हातून साध्य करणे, हे लक्ष्मणरावांपुढचे खरे काम होते.

या नांगराच्या रचनेतील एक गोष्ट त्यांच्या पुढील सर्व उत्पादनांत दिसते. फाळ हा झिजणारच, हे गृहीत धरून तो सुटा ठेवलेला असतो. झिजलेला फाळ काढून त्याच मापाचा नवा बसवला की नांगर पुन्हा कामाला येतो. यासाठी कारखान्यातून निघणारा प्रत्येक फाळ प्रत्येक नांगराला तंतोतंत बसला पाहिजे. गावच्या लोहाराने घडवलेले अवजार ज्या त्या शेतकऱ्याच्या मापाचे असे. कारखान्याचा माल मात्र एकाच मापाचा असावा लागतो. आरेखनाच्या शिक्षकाला ही शिस्त अंगवळणी पडलेली होती.

बेळगाव सोडावे लागणे

नांगराला मागणी येऊ लागली त्याच सुमारास बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याच्या जागी वसाहत वाढवण्याचे ठरवले आणि जागा सोडण्यास सांगितले. नवी जागा घेणे, इमारत बांधणे आणि भट्टी पुन्हा उभी करणे यासाठी लागणारे भांडवल किर्लोस्कर बंधूंकडे नव्हते. विकलेल्या मालातून जे मिळाले होते ते यंत्रांत गुंतलेले होते. धंदा बंद पडण्याची ही वेळ होती.

या वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी असलेला परिचय उपयोगी पडला. औंध येथील यमाई देवीच्या मंदिराच्या बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचे तेथे जाणे-येणे होते. चित्रकार असलेले बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्काराचा प्रसार, १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना आणि आटपाडीजवळ कैद्यांसाठी वसवलेली स्वतंत्रपूर ही खुली वसाहत यांमुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले आहे. संस्थान लहान व उत्पन्न बेताचे असूनही त्यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. त्या काळच्या संस्थानिकांत उद्योगाला असा आश्रय देणारे राजे मोजकेच होते.

किर्लोस्करवाडी

१० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. जमीन खडकाळ होती, निवडुंगाने भरलेली होती आणि सापांचा सुळसुळाट होता. पाण्याची सोय नव्हती. एकच अनुकूल गोष्ट होती ती म्हणजे पुणे–मिरज हा लोहमार्ग. कच्चे लोखंड व कोळसा आणणे आणि तयार नांगर पाठवणे यांसाठी स्थानक हाताशी होते. कुंडल रोड या स्थानकाला पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

पहिल्या काळात कामगार आणि त्यांची कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात राहत. निवडुंग तोडणे, विहीर खणणे आणि यंत्रे बसवणे ही कामे एकाच वेळी चालू होती. रामूअण्णांनी वसाहतीच्या व्यवस्थेचा भार उचलला. स्वच्छता, पाणी, घरे, झाडे हा त्यांचा प्रांत झाला. शंभूराव जांभेकर यांनी यंत्रशाळा, मंगेशराव रेगे यांनी कचेरी आणि हिशेब, तर अनंतराव फळणीकर यांनी नव्या यंत्रांच्या कल्पना आणि रचना पाहिल्या. यांपैकी कोणाकडेही त्या त्या कामाची मोठी पदवी नव्हती. माणसाची पारख शिक्षणाच्या दाखल्यावरून न करता हाताच्या कामावरून करावी, ही लक्ष्मणरावांची पद्धत होती आणि तिला त्यांचे स्वतःचे आयुष्य कारण असावे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीच्या राखणदारीवर नेमले, ही गोष्ट त्या काळी पुष्कळांना धाडसाची वाटली. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता.

पाश्चात्त्य देशांतील कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या गावांविषयी लक्ष्मणराव नियतकालिकांतून वाचत असत. परदेशी यंत्रांच्या माहितीपत्रिका आणि तांत्रिक मासिके हेच त्यांचे विद्यापीठ होते. किर्लोस्करवाडीची आखणी करताना कारखाना, घरे, शाळा, टपाल कचेरी आणि मोकळी जागा यांचा एकत्र विचार झाला. ग्रामीण सातारा भागात अशी वस्ती नवी होती.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड आणि दगडी कोळसा दुर्मीळ झाला. विलायती नांगरांची आयात थांबल्यामुळे मागणी वाढली होती, पण माल करायला धातू नव्हता. लाकडी कोळशावर भट्टी चालवण्यासारखे उपाय करून कारखाना चालू ठेवला गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवण्यास दिल्याची हकिकत या भागात प्रसिद्ध आहे.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे पत्र काढले. मालाच्या जाहिरातीसाठी सुरू झालेल्या या पत्राचे पुढे किर्लोस्कर हे मराठीतील अग्रगण्य मासिक झाले. १९३० मध्ये स्त्री व १९३४ मध्ये मनोहर ही भावंडे निघाली. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाङ्मयाला मिळालेली ही देणगी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नांगरापलीकडे

उसाचे लोखंडी चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, रहाट, हातपंप आणि नंतर केंद्रोत्सारी पंप अशी उत्पादने किर्लोस्करवाडीतून बाहेर पडू लागली. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सुरू केलेला कारखानाही लोखंडी नांगर बनवू लागला आणि किर्लोस्करांना शेजारीच प्रतिस्पर्धी निर्माण झाला. कूपर पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे काही काळ पंतप्रधान होते. त्यांचा कारखाना डिझेल इंजिनांकडे वळला. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात एकाच पिढीत नांगर, पंप आणि इंजिन या तिन्ही वस्तू तयार होऊ लागल्या, त्यामागे या दोन कारखान्यांची चढाओढ होती.

अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा लक्ष्मणरावांनीही एक चरखा तयार केला. तो अटींना उतरला नाही, आणि ते बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. खेड्यात सहज दुरुस्त होईल, स्वस्त असेल आणि तरीही भरपूर सूत काढील असे यंत्र ही अट परस्परविरोधी होती, असे आज मागे वळून पाहता वाटते.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (जन्म १९०३) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकून १९२६ मध्ये परतले. त्यांच्यासोबत गेलेले चुलतबंधू माधवराव यांचा तेथेच क्षयाने मृत्यू झाला होता. शंतनुरावांबरोबर मापनाची आणि यंत्रकामाची नवी शिस्त कारखान्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर यंत्रोपयोगी हत्यारांना, विशेषतः लेथला, मागणी वाढली आणि १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली. सत्तरी ओलांडलेल्या लक्ष्मणरावांनी त्या उभारणीत लक्ष घातले. १९४६ मध्ये बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपन्या निघाल्या.

इंजिने आणि बेअरिंगे

किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने डिझेल इंजिनांचे उत्पादन सुरू केले. या कंपनीचे एव्ही-१ हे एका सिलिंडरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन पुढे इतके रूढ झाले की सातारा-सांगलीच्या खेड्यांत विहिरीवरची मोट सुटली आणि तिच्या जागी इंजिन बसले, असे सर्रास बोलले जाई. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची चाल ११० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला १५०० फेरे ही त्याची मापे अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेमुळे पाठ असतात.

नांगर ते इंजिन हा प्रवास वरवर पाहता मोठा वाटतो, पण त्यातील मुख्य अडचण एकच आहे: झिजणारा भाग कोठे ठेवायचा आणि तो कसा बदलायचा. नांगरात ही जागा फाळाची. इंजिनात ती बेअरिंगची, ज्याला परिभाषेत धारवा म्हणतात. दट्ट्याची खालीवर होणारी चाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला पोहोचते व तिचे फिरण्यात रूपांतर होते. रॉडचे मोठे टोक क्रँकशाफ्टच्या खुंटीभोवती बसते. चार फटक्यांच्या इंजिनात १५०० फेऱ्यांना मिनिटाला ७५० वेळा स्फोटाचा दाब येतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर त्या क्षणी दोन-अडीच टन इतका भार पडू शकतो आणि तो सगळा या मोठ्या टोकातील बेअरिंगवर येतो. खुंटी आणि बेअरिंग यांच्यात व्यासाच्या सुमारे एक हजारांश इतकी फट ठेवलेली असते. फिरणारी खुंटी या फटीत तेल ओढून घेते आणि धातू धातूला न टेकता तेलाच्या पापुद्र्यावर भार तोलला जातो.

जुन्या इंजिनांत हे बेअरिंग रॉडमध्येच ओतले जाई. कथिलाचे प्रमाण अधिक असलेला पांढरा मिश्रधातू वितळवून रॉडच्या टोकात भरायचा, थंड झाल्यावर तो लेथवर कातायचा आणि मग खुंटीला निळा रंग लावून, जेथे रंग उमटेल तेथे हातातील खरवडणीने खरवडायचे. झिजेनंतर टोपण आणि रॉड यांच्यामधील पातळ पत्र्याच्या चकत्या काढून फट पुन्हा कमी करता येई. हे काम कुशल मिस्त्रीचेच होते आणि प्रत्येक इंजिनाला त्याचा हात वेगळा लागे. नंतर पोलादी पाठ आणि आतून मऊ मिश्रधातूचा पातळ थर असलेली दोन अर्धगोल कवचे आली. ही तयार मापाची असतात. जुनी काढून नवी बसवायची, त्यांना खरवडायचे नाही. बेअरिंग मुद्दाम खुंटीपेक्षा मऊ ठेवलेले असते, कारण झीज व्हायचीच तर ती स्वस्त भागाची व्हावी आणि महागडी क्रँकशाफ्ट वाचावी. फाळाचा हिशेब येथे पुन्हा दिसतो. अर्थात यासाठी कवच, रॉडचे भोक व खुंटी या तिन्हींची मापे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत अचूक हवीत. तशी शिस्त अंगी बाणवलेला कारखानाच इंजिन करू शकतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने पुढे पोलादी पाठीची द्विधातू बेअरिंगे स्वतः बनवण्यास सुरुवात केली आणि ती मोटार-उद्योगालाही पुरवली.

मोटारीच्या वेगवान इंजिनात या भागाची परीक्षा अधिक कडक होते. दट्ट्या व रॉड यांच्या जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५०० फेऱ्यांऐवजी ६००० फेरे झाले, म्हणजे वेग चौपट झाला, की तो भार सोळापट होतो. अशा शक्तिशाली इंजिनांत बेअरिंगचा थर झिजून तांब्याची छटा दिसू लागण्याआधीच ती बदलणे शहाणपणाचे ठरते, कारण ठोका ऐकू येईपर्यंत थांबल्यास बहुधा खुंटीलाही चरे पडलेले असतात. काम खालून, तेलाची परात उतरवून करता येते. एका वेळी एकच टोपण सोडावे लागते. टोपण आणि रॉड यांची जोडी बदलता येत नाही, कारण दोघांचे भोक एकत्र कातलेले असते. नव्या कवचांची फट मोजून आणि ताण मोजणाऱ्या पान्याने नवे बोल्ट ठरलेल्या ताणापर्यंत आवळूनच इंजिन पुन्हा चालू करतात. शेतावरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला हेच काम मिस्त्री बांधावर बसून करीत असे.

१९४८ ची जाळपोळ

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या मालमत्तेवर हल्ले झाले. सातारा, सांगली व कोल्हापूर परिसरात त्यांची तीव्रता अधिक होती. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही जमावाने आग लावली आणि मोठे नुकसान झाले. जातिभेद न मानण्याचा दंडक असलेल्या वसाहतीवर जातीच्या नावाने हा प्रसंग ओढवला. लक्ष्मणराव त्या वेळी ७८ वर्षांचे होते. वाडी सोडून कारखाना अन्यत्र हलवण्याचा मार्ग मोकळा होता, तरी कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला व कामगार कामावर परतले. त्यानंतरच्या वर्षांत समूहाचा विस्तार प्रामुख्याने पुणे आणि कर्नाटकात झाला. पंपांचे उत्पादन मात्र किर्लोस्करवाडीत चालू राहिले व आजही चालू आहे.

कुटुंब आणि अखेरची वर्षे

लक्ष्मणरावांच्या पत्नीचे नाव राधाबाई. वाडीच्या पहिल्या काळातील हालअपेष्टांत त्यांनी घर सांभाळले. शंतनुरावांशिवाय राजाराम, प्रभाकर आणि रवी हे त्यांचे पुत्रही समूहाच्या निरनिराळ्या उद्योगांत होते. उतारवयात लक्ष्मणरावांनी दैनंदिन कारभार पुढच्या पिढीवर सोपवला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

चरित्रे आणि स्मारके

शंकरराव किर्लोस्कर यांनी लिहिलेले यांत्रिकाची यात्रा हे लक्ष्मणरावांचे मराठी चरित्र प्रसिद्ध आहे. शंतनुरावांच्या कॅक्टस अँड रोझेस या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातील निवडुंग कुंडलच्या माळावरचा आहे. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील लकाकि हा बंगला आणि त्यावरून पडलेले रस्त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावाच्या आद्याक्षरांवरून आले आहे.